वाक्य जसंच्या तसं

गुरुवार, २३ जानेवारी २०२५

फॉर्म भरला एकदाचा. संघाचं नाव 'आगर' दिलं. निकेत म्हणाला, "वाचणाऱ्याला वाटेल आपण नारळ विकतो." मी म्हटलं, मिठाचंही आगर असतं आणि आपण त्या आगरातले. "हे त्यांना कोण सांगणार, तू?" म्हणाला. निकेत उरणला लग्नाचं शूटिंग करतो. शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याइतका स्थिर हात मी कुणाचा पाहिला नाही, आणि तोंड उघडून विचका करणाराही त्याच्यासारखा दुसरा नाही.

स्पर्धेचं नाव 'साठ तास'. सात फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी सातला ते तीन अटी पाठवणार. एक वस्तू, एक जागा, एक वाक्य. रविवारी संध्याकाळी सातच्या आत पाच मिनिटांची फिल्म लिहून, शूट करून, जोडून पाठवायची. आधीचं शूट केलेलं काही चालणार नाही. पहिल्या नंबराला मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेत सहायक म्हणून काम.

गेली सहा वर्षं मी न्हावा शेवाच्या एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर टाइप करते. चार अक्षरं, सात आकडे. एक आकडा चुकला की माल भलत्याच बोटीवर. या सहा वर्षांत अकरा गोष्टी लिहायला घेतल्या, एकही पुरी झाली नाही. कारण कुणी मागितलीच नव्हती. अटी घातल्या की निदान कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटतं.

आईला सांगितलं. ती मांदेली साफ करत होती. "साठ तासांत पिच्चर? माज्या एका लग्नाची गानी तेवढ्यात सरत नाय," म्हणाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मृणाल आली होती घरी. पनवेलची, एकांकिका करते, दोन बक्षिसं आहेत तिच्याकडे. मुख्य काम तिचं. आईने तिला चहा दिला, "साकर कमी हाय का गो?" विचारलं, तर ही बया एकदम, "अय्या, काकू किती गोड बोलतात!" मग आईने तिला धवला म्हणून दाखवला. आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून बोळवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला येतं आणि चार-पाच गावांतून बोलावणं येतं. लाऊडस्पीकर नसायचा तेव्हा तिचा आवाज खाडीपलीकडे जायचा म्हणतात. मृणालने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

तिला गोड वाटणारच. तिला तसं बोलून हसं करून घ्यावं लागलेलं नाही. मी अकरावीला पनवेलच्या कॉलेजात पहिल्या दिवशी उभी राहून म्हणाले होते, "मना वाचाची आवड हाय." वर्ग किती वेळ हसत होता. सरसुद्धा. मग मी दोन वर्षं मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज टाकून ऐकत बसायचे. मला. नाही. आणि. पाणी. ही वहीसुद्धा तेव्हाच सुरू केली, शुद्ध लिहायची सवय व्हावी म्हणून. आता कुणी ओळखत नाही मी कुठली ते. मृणालनेच विचारलं, "तू पुण्यात होतीस का शिकायला?"

आईशी मात्र मी घरी तसंच बोलते. म्हणजे बोलायचे. हल्ली नाही जमत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सात वाजून एक मिनिटाने मेल आला. वस्तू: चावी. जागा: भिंत. वाक्य: "मला कुणी विचारलंच नाही." खाली ठळक अक्षरात लिहिलंय, वाक्य जसंच्या तसं फिल्ममध्ये ऐकू आलं पाहिजे, शब्दात बदल आढळल्यास प्रवेशिका बाद.

अकरा वाजेपर्यंत गोष्ट झाली. माझी मलाच खरी वाटेना. एक बाई रोज सकाळी हातात चावी घेऊन कंटेनर यार्डच्या लांबलचक भिंतीच्या कडेने चालते. तिथे आधी मिठागर होतं आणि मिठागरावर तिची खोपी, झावळ्यांची. ती भिंतीत दार शोधते. शेवटी भिंतीला पाठ लावून ते वाक्य म्हणते. बस. भिंत आमच्या गावामागेच आहे, आणि तिला लागून मिठागराची एक पट्टी अजून चालू आहे, गणराजमामांची. तीही यंदापुरतीच, म्हणतात.

आईला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चावी कनाला? आमच्या खोपीला दारच नव्हता."

"आई, चावी ही अट आहे."

"मंग दार लावाचा," म्हणाली. निकेत हसून पडला. मला राग आला, पण बरोबरही होतं. पटकथेत खोपीची 'खोली' केली, दार लावलं.

उद्या साडेसहाला शूट.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळ वाया गेली. मृणालला चिखलात उभं राहता येईना. तिचा पाय घसरला, मग टाचेला मीठ लागलं म्हणून रडवेली झाली. चालायची तर ती अशी, जणू पडदा उघडलाय. वाक्य मात्र स्वच्छ म्हणायची. अगदी स्वच्छ. निकेत कॅमेऱ्यातून डोळा काढून माझ्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. निकेत बोलत नाही तेव्हा समजायचं.

साडेअकराला आई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मृणाल मीठ ओढायचं लाकडी फावडं झाडूसारखं धरून उभी होती. आईला राहवेना. "अगो, असा नाय. कमरेतना वाकाचा. मीठ तुटला नाय पायजे." लुगडं वर खोचलं, चपला बांधावर काढल्या आणि उतरली. तीनदा फावडं ओढलं. पाण्याखालून मीठ असं सरकत आलं की जणू ते तिला ओळखत होतं. बारा वर्षांनी उतरली असेल ती आगरात.

निकेतने कॅमेरा चालूच ठेवला होता. मला खुणेने सांगितलं, आणि माझ्याही तेच मनात होतं. मी मृणालच्या हातातली चावी घेऊन आईला दिली, कॉलर माइक तिच्या पदराला लावला आणि म्हटलं, "आई, आता भिंतीकडे बघ. थोडं थांब. आणि फक्त एवढं म्हण, मला कुणी विचारलंच नाही."

ती भिंतीकडे बघत राहिली. चावीकडे तिने पाहिलंही नाही. मग म्हणाली,

"मना कोनी इचारलाच नाय."

मला वाटलं झालं. पण ती थांबली नाही. आमच्याकडे न बघता, जसं कुणी शेजारी बसलंय, तशी म्हणाली, "मी आपली हितंच मीठ ओढत होती. घरची लोका आगराची सही करून आयली आन जेवाला बसली. मीच वाढला त्यांना."

पलीकडे ट्रेलर रिव्हर्स घेत होता त्याचं पीप पीप तेवढं. मला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेही कधी बोलले नाहीत. आगर गेलं, सगळ्यांचंच गेलं, एवढंच मी ऐकलेलं. माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढच्याच क्षणाला मनात आलं, वाक्य चुकलं.

परत घेतलं. "आई, मना नाही, मला. कोनी नाही, कुणी. विचारलंच." ती मान हलवायची आणि प्रत्येक शब्दानंतर माझ्याकडे बघायची, बरोबर का म्हणून. पहिलीतल्या मुलासारखी. सहाव्या टेकला "नाही" आलं तर "मना" परत आलं. "जीभ वलत नाय गो," म्हणाली आणि हसली. मग नाही हसली. नववी टेक बरोबर आली, एक अक्षर चुकलं नाही, आणि ती बघवत नव्हती. निकेतने मला न विचारता कॅमेरा बंद केला.

आयोजकांना फोन लावला. सुजित म्हणून कुणी होता. त्याला म्हटलं, बोलीत म्हटलं तर? अर्थ तोच आहे. "मॅडम, बोलीभाषेबद्दल आम्हाला आदरच आहे," तो म्हणाला. "पण वाक्य जसंच्या तसं. एका संघाला सूट दिली तर बाकीचे ओरडतील."

मृणाल चारच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "काकूंचंच ठेव. मला वाईट नाही वाटणार." वाटलं असणार. मग भिंतीच्या कडेने चालणंही आईचंच घेतलं, उजेड जाईपर्यंत.

रविवार, ९ फेब्रुवारी

सहा अठ्ठेचाळीसला पाठवलं. बारा मिनिटं शिल्लक होती. दिवसाचं लिहून टाकते.

सकाळी आठला निकेत आला. म्हणाला, "पहिली टेक पाठवायची. बाद करतील तर करू देत."

"मग पाठवायचंच कशाला?"

"कुणीतरी बघेल म्हणून."

"निकेत, तुझं ठीक आहे. तुझा स्टुडिओ आहे. मला उद्या परत कंटेनर आहेत."

मी त्याला माझा विचार सांगितला. चेहरा पहिल्या टेकचा, आवाज दुसरा. कॅमेरा बाजूने आहे, ओठ अर्धेच दिसतात, दोन सेकंदांचं वाक्य. नियमात डबिंगला बंदी नाही. आईची नववी टेक वापरून बघितली होती, ती त्या चेहऱ्यावर बसेना. मृणालचा आवाज लहान वाटतो. मी म्हणणार.

"काकूंना विचार तरी."

"काय विचारू? तिला डबिंग म्हणजे काय हे तरी कळेल का?"

"तिला आवाज म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा जास्त कळतं," म्हणाला. मग त्याने माझ्या लॅपटॉपवर उरलेलं फूटेज टाकलं, माझं नाव काढ म्हणाला आणि गेला. मी काढलं. त्याला वाटत असेल मी मागे लागेन. त्याचं हे असंच, दुसऱ्याचं काही पुढे जायला लागलं की याला तत्त्वं सुचतात.

कपाटात बसून डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केलं. घसा थोडा खाली आणायचा, श्वास आधी सोडायचा. आईचा श्वास मला पाठ आहे, ते सोपं गेलं. मधेच बाहेरून तिचा आवाज, "काय करतंस गो तिथं?"

"आवाज दुरुस्त करतेय."

त्यावर तिने भांडी घासायची थांबवली. कोंबड्या हाकलल्या. शेजारची ठकी काहीतरी मागायला आली तर तिलाही दारातच गप्प केलं. अर्धा तास घरात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. एवढं तिला कळतं, की रेकॉर्डिंग म्हणजे शांतता हवी. बाविसाव्या वेळी मनासारखं आलं.

त्यापुढची तीन वाक्यं, ती जेवायला वाढल्याची, काढून टाकली. ती बोलीत होती. एका बाईचे दोन आवाज झाले असते.

फिल्म चांगली झाली आहे. हे मी कुणाला सांगणार नाही, पण खूप चांगली झाली आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शेवटच्या दहात! ऑफिसात मेल वाचला आणि तेरा नंबरच्या ट्रेलरला चुकीची पावती दिली.

आईने संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला सांगितलं होतं. विहिरीवर बायका आईचं नाव घेऊन विचारत होत्या म्हणे, ठमाबाय हिरोईन झाली काय. मग जेवताना मला म्हणाली, "माजा आवाज बरा आयला का?"

मी हो म्हटलं. काय सांगणार होते? भाताचा घास तोंडात होता.

रविवार, २ मार्च

गाडी करून ठाण्याला गेलो, मी आणि आई. तिने लग्नाला नेसते ते हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात सोनचाफा. तिसऱ्या रांगेत बसलो. आधी दोन विनोदी फिल्म झाल्या, तिला काही कळल्या नाहीत, पण लोक हसले की ती हसत होती. तिसरी आमची.

पडद्यावर ती आली तेव्हा तिने माझा हात धरला. एवढी मोठी. पायाला लागलेलं मीठसुद्धा दिसत होतं. निकेत शहाणा आहे, काय फ्रेम धरली होती! मग ती भिंतीकडे बघते, थांबते, आणि ते वाक्य.

मी पडद्याकडे बघत होते. शेजारी बघितलं नाही. तिने हात काढून घेतला, तो कदाचित पदर सारखा करायला असेल. शेवटी खूप टाळ्या पडल्या.

पहिला नंबर आमचा. आणि अभिनयाचं बक्षीस आईला. परीक्षक बाई म्हणाल्या, "चेहऱ्यापेक्षाही आवाज. किती संयत. एक शब्द इकडचा तिकडे नाही." आम्हा दोघींना वर बोलावलं. आई सावकाश पायऱ्या चढली, ट्रॉफी घेतली, नमस्कार केला. सूत्रसंचालन करणारा मुलगा फार उत्साही. "काकू, काकू, जायचं नाही! ते वाक्य एकदा आमच्यासाठी!" आणि माइक तिच्या तोंडासमोर.

आईने सभागृहाकडे पाहिलं. लग्नात पाचशे माणसांसमोर ती अशी उभी असते, तिला भीती वगैरे वाटत नाही. मग तिने माइक त्याच्या हातातून घेतला, दोन पावलं चालत माझ्याकडे आली आणि माझ्या हातात दिला.

"हीच बोलंल," म्हणाली. "तिचाच हाय."

सगळे हसले. लाजली बिचारी, असं त्यांना वाटलं. मीही हसले. आणि म्हटलं वाक्य. न म्हणून काय करणार, माइक हातात होता. टाळ्या पडल्या. परीक्षक बाईंनी मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

येताना गाडीत आई झोपली होती. किंवा डोळे मिटून बसली होती. अटल सेतू दिसतो का बघ म्हटलं तर उं म्हणाली.

सोमवार, ३ मार्च

रागावली असती, आदळआपट केली असती, तर मी समजावून सांगितलं असतं. सगळं पाठ करून ठेवलं होतं. अट त्यांची होती. वेळ नव्हता. तुझ्या तोंडून बरोबर आलं असतं तर मी कशाला केलं असतं? तुझंच नाव झालं ना शेवटी? यातलं एकही वाक्य वापरायची वेळ आली नाही. सकाळी तिने डबा दिला. कारल्याची भाजी, मला आवडते तशी कुरकुरीत.

शनिवार, १५ मार्च

ऑफिसचा राजीनामा दिला. एक तारखेपासून गोरेगाव, त्या निर्मिती संस्थेत.

निकेत भेटला उरणच्या बाजारात. मी हसले, तो थांबला. म्हणाला, "काकू आल्या होत्या स्टुडिओत, मागच्या आठवड्यात."

"आई? कशाला?"

"पहिली टेक बघायची म्हणाल्या. लावली. बघितली त्यांनी. एकदाच. मी म्हटलं परत लावू का, तर नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुसून टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसून टाक. मी म्हटलं काकू, असू दे ना माझ्याकडे. तर म्हणाल्या, कोनी बघला तर पोरीला अडचन व्हईल."

"मग?"

"मग काय? पुसली. त्या समोर बसून होत्या."

माझ्याकडेही नाही ती. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळं उडवलं होतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आईलाही ती टेक आवडली नसणार. स्वतःला असं घरचं काही बोलताना बघणं कुणाला आवडेल? निकेत मात्र माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच ती पुसली.

मंगळवार, ८ एप्रिल

आठवडा झाला. चार मुली एका फ्लॅटमध्ये. कोकणातल्या एका कुटुंबाची मालिका येणार आहे, मला संवादाच्या माणसाखाली दिलंय. घरातल्या मोठ्या माणसांचे संवाद ते लिहितात. गड्याचे आणि मासेवालीचे माझ्याकडे. "तुझ्याकडचं टाक ना थोडं, हाय-न्हाय," म्हणाले. "लोकांना हसू आलं पाहिजे." लिहून दिले. त्यांना आवडले. फार चटकन जमलं, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं.

फिल्म ऑनलाइन टाकलीय त्यांनी. खाली कुणीतरी लिहिलंय, 'या मावशींचा आवाज माझ्या आजीसारखा आहे.' मला बराच वेळ हसावं की काय ते कळेना.

सोमवार, २१ एप्रिल

गुरुवारी अमिषाचा फोन आला. शेजारची, आमच्या चुलतभावाची बायको. आदल्या दिवशी गणराजमामांच्या मुलाची, धर्माची हळद होती. आई गेली, बसली, जेवली. पण गायली नाही. घसा बसलाय म्हणाली.

"मग धवले?"

"मोबाइलवरून लावले. स्पीकरला जोडून. सगळ्या बायका काकूंकडे बघत बसल्या होत्या. कसा तरी वाटला गो."

आईला फोन केला. घशाला काय झालं विचारलं. काही नाही म्हणाली, फार बोलली नाही. माणगावला मावसभाऊ डॉक्टर आहे, त्याला सांगून तिला उरणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. रिपोर्ट व्यवस्थित. वय झालं की असं होतं म्हणाले. एकसष्ट म्हणजे काही वय नाही, पण आयुष्य मिठात गेलेली माणसं लवकर थकतात.

रविवार, ४ मे

पहिला भाग प्रसारित झाला. नावं इतक्या वेगाने गेली की मला माझंही वाचता आलं नाही. फ्लॅटमधल्या मुली म्हणाल्या मासेवाली भारी आहे. निकेतला मेसेज केला, फिल्मवर तुझं नाव परत टाकायला सांगते. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

ट्रॉफी आईने कुठे ठेवलीय माहीत नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा फळीवर दिसली नाही. विचारायचं राहिलं.

रविवार, ११ मे

आज सकाळी आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही, मिस कॉल देते. मला वाटलं काही झालं.

"प्राप्ती, मी बोलते आहे," म्हणाली. "तू जेवलीस का?"

मला आधी आवाजच ओळखू येईना. म्हटलं, आई, बरी आहेस ना?

"मी बरी आहे. इथे ऊन फार आहे. पाणी दोन दिवसांनी येतं. तू काळजी करू नकोस."

पाणी. ण सुद्धा बरोबर. सावकाश, एकेक शब्द ठेवत, मधे श्वास घेत. मी विचारलं, हे असं कधीपासून? तर म्हणाली, "टीव्ही लावते आणि म्हणून बघते. तुझी ती मालिका पण बघते. त्यात मोठ्या बाई बोलतात, तसं."

छान बोलतेस, म्हटलं. या वयात शिकतेस, छान आहे. मला बरं वाटलं असणार, कारण मी ते दोनदा म्हटलं.

"चुकलं तर सांग," ती म्हणाली.

"नाही चुकलं काही."

खरंच एकही चूक नव्हती. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. आणि मला एकदम, का ते माहीत नाही, खूप वर्षांनी तसं तोंडात आलं. म्हटलं, "काय करतंस गो आये?"

मला वाटलं फोन कट झाला.

"काही नाही," आई म्हणाली. "बसले आहे."